कीबोर्ड जुनाच असू द्या, आधी त्याचा आवाज बदलून बघा



आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथी, पट एकतीस. ऑफिसच्या कपाटावर एक कीबोर्ड असतो, गावातल्या एका माजी विद्यार्थ्याने नोकरी लागल्यावर शाळेला भेट दिलेला. ६१ पट्ट्यांचा. रोज परिपाठाला तो खाली उतरतो आणि प्रार्थना झाली की परत वर जातो. पट्ट्या अजून छान आहेत, पण आवाज मात्र खेळण्यातल्या भोंग्यासारखा. बासरी लावली तरी शिट्टी, व्हायोलिन लावलं तरी शिट्टी. मुलं तरी काय करणार, त्या शिट्टीवरच गळा फाडून गायची.

मागच्या स्नेहसंमेलनानंतर लोकवर्गणीतले ९,५०० रुपये शिल्लक राहिले. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एक पालक म्हणाले, "मॅडम, अजून चार-पाच हजार गोळा करू आणि नवा कीबोर्डच घेऊन टाकू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र म्हटलं, थांबा, मी जरा चौकशी करते. त्या चौकशीत मी काय शिकले आणि कुठे सपशेल फसले, ते आज लिहितेय. कारण हाच प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच शाळांत आणि घरात पडतो. माझं मत आधीच सांगून टाकते: बहुतेक वेळा नव्या कीबोर्डची गरज नसते. गरज असते ती वेगळ्या आवाजाची, आणि तो कीबोर्डच्या बाहेरूनही देता येतो.

पट्ट्या वेगळ्या, आवाज वेगळा

डीएडला असताना पेटीवर सरगम वाजवता आली, तेवढंच माझं संगीत. त्यामुळे "कीबोर्डला साउंड मॉड्यूल लावा" असं कुणीतरी म्हणालं तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. आता वर्गातल्या भाषेत सांगते.

आपण श्रुतलेखन घेतो. बाई शब्द सांगतात, मुलं लिहितात. शब्द सगळ्यांना एकच, पण कुणाचं अक्षर मोत्यासारखं आणि कुणाचं कोंबडीचे पाय. मिडी म्हणजे हे श्रुतलेखन. कीबोर्डमधून मिडीच्या वायरने आवाज जातच नाही, जातात फक्त सूचना: कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. मधल्या सप्तकातल्या पांढरी एकला मिडीत ६० नंबर आहे, काळी एकला ६१. जोर मोजायला १२७ पर्यंतचे आकडे. या सूचना ऐकून प्रत्यक्ष आवाज काढणारा जो डबा, तो साउंड मॉड्यूल. त्याला पट्ट्या नसतात. तो म्हणजे श्रुतलेखन लिहिणारा, सुंदर अक्षराचा मुलगा.

ही पद्धत १९८३ पासून आहे. जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतले डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलायला लागली. या कामासाठी दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की चाळीस वर्षांपूर्वीचं वाद्य आणि आजचा फोन अजूनही तीच भाषा बोलतात. म्हणून जुना कीबोर्ड टाकून द्यायची घाई नको.

पुढे १९९१ मध्ये 'जनरल मिडी' नावाचा नियम आला. त्यात १२८ आवाजांना क्रमांक ठरवून दिले. १ म्हणजे पियानो, ४१ व्हायोलिन, ७४ बासरी, १०५ सतार, ११२ शहनाई. तालवाद्यांसाठी १० नंबरचा चॅनल राखून ठेवला. त्याच वर्षी आलेला रोलँडचा साउंड कॅनव्हास एससी-५५ हा या जमान्यातला सगळ्यात गाजलेला डबा. आजही जुन्या बाजारात लोक तो शोधतात.

सतार आणि शहनाई आहे म्हणून हुरळून जाऊ नका. या १२८ मध्ये हार्मोनियम नावाचा आवाज नाही आणि तबलाही नाही. हार्मोनियमच्या जवळ जाणारा म्हणजे २१ नंबरचा रीड ऑर्गन. आणखी एक गंमत: काही यंत्रं १ पासून मोजतात, काही ० पासून. त्यामुळे सतार मागावी आणि बँजो वाजावा असं होतं. तेव्हा डबा बिघडला असं समजू नका, एक नंबर मागे-पुढे करून बघा.

माझी चूक

एवढं वाचून मी स्वतःला फार हुशार समजायला लागले. जिल्ह्याच्या गावी जुन्या वाद्यांच्या दुकानात एक जुना मॉड्यूल दिसला. दुकानदाराने हेडफोन लावून ऐकवला. बासरी अशी गोड की मी तिथेच विरघळले. "कुठल्याही कीबोर्डला चालतो," तो म्हणाला. ४,२०० रुपये मोजले आणि डबा पिशवीत घालून एसटीने घरी.

दुसऱ्या दिवशी शाळेत कीबोर्ड उलटा केला. डब्याला मागे गोल, पाच छिद्रांचं तोंड. आमच्या कीबोर्डला तसं तोंडच नाही. आहे ते एक चौकोनी यूएसबी. मग पाचशेची एक यूएसबी-मिडी वायर मागवली. तीही लागेना, कारण तिचं यूएसबीचं टोक कॉम्प्युटरसाठी केलेलं.

शेवटी गावातल्या मोबाईल दुरुस्ती करणाऱ्या पोराने समजावलं. तो म्हणाला, "मॅडम, यूएसबीत एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं उत्तर द्यायचं असतं. तुमचा कीबोर्ड पण उत्तर देणारा आणि ही वायर पण उत्तर देणारी. विचारणार कोण?" अगदी वर्गात दोन मुलं समोरासमोर बसलीत, दोघांनाही उत्तर येतंय, पण प्रश्न विचारायला बाईच नाहीत! मधे कॉम्प्युटर किंवा फोन हवाच. जुन्या कीबोर्डना गोल तोंडं असायची. आता स्वस्तातल्या बऱ्याच कीबोर्डना फक्त चौकोनी यूएसबी असतं. हा फरक मला चार हजारांना समजला.

दुकानदाराने डबा परत घेतला नाही. आता हे पैसे कुणाचे होते? वर्गणीच्या वहीत पन्नास रुपयांच्याही नोंदी आहेत. खुरपणीच्या मजुरीतून दिलेले पन्नास. दोन रात्री मला झोप नाही. तिसऱ्या दिवशी पगारातून ४,७०० रुपये शाळेच्या खात्यात भरले आणि पुढच्या सभेत सगळं जसं घडलं तसं सांगितलं. कुणी रागावलं नाही. एक आजोबा तेवढं म्हणाले, "बैल घेताना दात बघत्यात, तसं ह्याचं तोंड बघायचं व्हतं, बाई." सगळे हसले, मीही हसले. पण शब्द मनात राहिले.

मग काय चाललं?

घरी एक जुना अँड्रॉइड फोन पडून होता, काच तडकलेला. दुरुस्तीवाल्या त्याच पोराने दीडशे रुपयांचा ओटीजी जोड दिला. चौकोनी यूएसबीला लागणारी वायर तर ऑफिसच्या प्रिंटरचीच निघाली. दोन्हीचं तोंड एकच! अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, फोनला मिडी कळतं. फोनमध्ये एक मोफत ॲप घेतलं आणि त्यात साउंडफाँट टाकला.

साउंडफाँट म्हणजे काय? प्रश्नपत्रिका टाइप करताना आपण फाँट बदलतो ना, तसंच. मजकूर तोच, अक्षराचं वळण वेगळं. इथे सूर तोच, आवाज वेगळा. 'जनरलयूजर जीएस' नावाचा मोफत मिळणारा साउंडफाँट सुमारे ३० एमबीचा आहे आणि त्यात १२८ चे १२८ आवाज आहेत. ज्यांच्या शाळेत चालू कॉम्प्युटर आहे त्यांना 'फ्लुइडसिंथ' हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येईल. आयफोन असेल तर गॅरेजबँड मोफत आहे.

पहिल्या दिवशी फोन ब्लूटूथ स्पीकरला जोडला आणि सगळी फजिती. पट्टी आत्ता दाबली की सूर जरा वेळाने. मुलं सुराची वाट बघत मागे मागे पडत गेली, प्रार्थना लांबतच गेली. ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला उशीर होतोच, त्यात स्पीकरचा दोष नाही. मग फोनच्या हेडफोनच्या तोंडातून साधी वायर शाळेच्या स्पीकरला लावली, आणि जमलं. किंचित उशीर अजून आहे, पण प्रार्थनेला तो जाणवत नाही. ढोलकीसारखा ताल वाजवायला गेलं तर जाणवतो.

खर्च किती? ओटीजी आणि स्पीकरची वायर मिळून अडीचशे रुपये.

त्या सकाळी बासरीचा आवाज लावून प्रार्थना वाजवली. चौथीतली एक मुलगी, जी एरवी नुसते ओठ हलवते, ती गायला लागली. तिचा आवाज असा आहे हे चार वर्षांत मला माहीत नव्हतं. ती ओरडत नव्हती, म्हणून एवढी वर्षं ऐकूच आली नव्हती. माझ्या मते खरा मुद्दा हाच आहे. मुलं जे ऐकतात त्यावर गातात. कर्कश ऐकवलं तर कर्कश गातात, आणि हळू, गोड गाणारं पोर त्या गोंगाटात हरवतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला-समेकित शिक्षणाचा उल्लेख आहे. कागदावर ते छानच दिसतं, पण परिपाठाच्या दहा मिनिटांत कानावर काय पडतं, तिथूनच त्याची सुरुवात होते.

आणि त्या डब्याचं काय झालं?

तो वाया गेला नाही. आमच्या केंद्रशाळेत एक फार जुना कीबोर्ड आहे, त्याला मागे गोल तोंड निघालं! डबा तिथे दिला, दहा मिनिटांत सुरू झाला. उशीर अजिबात नाही, मधे कुणाचा फोन येत नाही, बॅटरी संपत नाही. बटण दाबलं की वाजतो. म्हणजे मॉड्यूल वाईट नव्हता, माझी निवड चुकली होती.

म्हणून मॉड्यूल घ्यायचाच असेल तर दुकानात जाण्याआधी या गोष्टी तपासा:

१. तोंड बघा. कीबोर्डच्या मागे गोल 'मिडी आउट' आहे की चौकोनी यूएसबी? गोल असेल तरच जुना मॉड्यूल थेट लागेल. चौकोनी असेल तर मधे कॉम्प्युटर किंवा फोन लागणार, मग डबा घेण्यात फारसा अर्थ उरत नाही. हल्ली काही छोट्या मॉड्यूलना यूएसबी असतं, पण ते कीबोर्डला 'विचारणारं' आहे की कॉम्प्युटरला 'उत्तर देणारं', हे नीट विचारून घ्या. आणि दोन्हीपैकी काहीच नसेल, जसं कॅसिओच्या एसए-४६ सारख्या लहान कीबोर्डना नसतं, तर हा उपाय तुमच्यासाठी नाही.

२. पट्टी जोर ओळखते का? हळू दाबली की हळू आणि जोरात दाबली की जोरात वाजते का? कीबोर्ड जोर ओळखत नसेल तर तो प्रत्येक सुराला एकच आकडा पाठवतो. मग कितीही भारी डबा लावा, गाणं सपाटच येणार. श्रुतलेखन सांगणाराच एकसुरी असेल तर लिहिणारा काय करणार?

३. वीज बघा. जुन्या डब्याचा मूळ अडॅप्टर सोबत आहे का? व्होल्ट आणि प्लस-मायनस जुळलं नाही तर डबा जळू शकतो. थेट जपानहून आलेला माल १०० व्होल्टचा असू शकतो, आणि आपल्याकडे २३० व्होल्ट.

४. स्पीकर आहे का? मॉड्यूलला बहुधा स्वतःचा स्पीकर नसतो. कीबोर्डच्या स्पीकरमधूनही त्याचा आवाज आपोआप येत नाही. वेगळा स्पीकर लागतोच.

५. स्वतःचा कीबोर्ड सोबत न्या. लाज वाटू देऊ नका. पोत्यात गुंडाळून एसटीने न्या, पण दुकानातच जोडून, वाजवून बघा. मी नेला असता तर हा लेख अर्धाच झाला असता!

आणि जोडल्यावर दोन-दोन आवाज एकदम आले तर घाबरू नका. कीबोर्डचा स्वतःचा आवाज शून्यावर आणा. बहुतेक कीबोर्डमध्ये आवाज कमी केला तरी मिडीच्या सूचना जातच राहतात. काहींमध्ये 'लोकल ऑफ' अशी सोयही असते. फोन वापरत असाल तर तो विमान मोडवर टाका, नाहीतर राष्ट्रगीताच्या मधेच रिंगटोन वाजायची.

"मग पेटीच का नको?"

आमच्या केंद्रातले एक ज्येष्ठ सर हे नेहमी विचारतात. त्यांचं म्हणणं, लहान मुलांसमोर खरं वाद्य हवं, फोनमधली खोटी बासरी कशाला? त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. गावात पेटी वाजवणारं कुणी असेल, भजनी मंडळातले एखादे बुवा आठवड्यातून एक दिवस यायला तयार असतील, तर माझा सगळा लेख बाजूला ठेवा आणि त्यांना बोलवा. खऱ्या वाद्यासमोर आणि खऱ्या माणसासमोर बसण्याची सर कशालाच नाही.

पण "कीबोर्डवर मींड येत नाही, म्हणून तो आपला नाही" हे मला पटत नाही. हाच आक्षेप एकेकाळी पेटीवरही होता. १९४० पासून काही दशकं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. आज पेटीशिवाय भजन कुणाला सुचत तरी का? वाद्य परकं की आपलं हे आपण त्यावर काय गातो यावर ठरतं. आणि आमच्याकडे पेटी नाही, कीबोर्ड आहे. जे आहे ते आधी नीट वापरू या.

दुसरा आक्षेप पालकांचा: शाळेत मोबाईल कशाला? रास्त आहे. आमच्या या फोनमध्ये सिमकार्ड नाही, गेम नाही, तो कीबोर्डसोबत कपाटावर असतो. मुलांसाठी तो आता फोन नाहीच, ती त्याला 'बासरीचा डबा' म्हणतात.

पैसे कुठल्या क्रमाने खर्च करावेत?

माझं मत असं. आधी बरा स्पीकर, कारण स्पीकर वाईट असेल तर कुठलाच आवाज चांगला लागणार नाही, आणि तो भाषणाला, रेडिओला, सगळ्यालाच उपयोगी पडतो. मग जुना फोन आणि मोफत साउंडफाँट, महिनाभर वापरून बघा. तेवढ्याने भागलं तर पैसे वाचले. रोजचा वापर वाढला, फोनचा उशीर खुपायला लागला आणि कीबोर्डला गोल तोंड असेल, तर जुना मॉड्यूल. नवा कीबोर्ड सगळ्यात शेवटी: पट्ट्याच मेल्या असतील, जोर ओळखत नसतील, किंवा मागे कुठलंच तोंड नसेल तर.

नवा घ्यायचीच वेळ आली तर यामाहाची पीएसआर-आय मालिका किंवा कॅसिओची भारतासाठीची 'आयएन' मॉडेलं बघा. त्यांत तबल्यासारखे आपल्याकडचे आवाज दिलेले असतात. घरी मुलासाठी घेणाऱ्या पालकांनाही एवढंच सांगेन: "यात पाचशे आवाज आहेत" या जाहिरातीला भुलू नका. पट्ट्या पूर्ण मापाच्या, जोर ओळखणाऱ्या आणि मागे मिडीची सोय असलेला घ्या. आवाज नंतर हवा तेव्हा बदलता येतात, पट्ट्या बदलता येत नाहीत.

शेवटी सांगते, आमचे ते ९,५०० रुपये. त्यातून स्पीकर घेतला, आणि उरलेल्यातून वाचनालयासाठी गोष्टीची पुस्तकं. हिशेब सभेत वाचून दाखवला. कीबोर्ड तोच आहे, कपाटावरच आहे. फक्त आता परिपाठ संपला तरी तो लगेच वर जात नाही. कुणीतरी पोर "मॅडम, एकदा बासरी" म्हणत मागे लागलेलं असतं.

तुमच्या शाळेतला कीबोर्डही एकदा उलटा करून बघा. मागे कुठलं तोंड आहे, ते आम्हालाही कळवा.